मोबाईलची साक्ष आणि मुख्याध्यापकांची सही

आमच्या उर्दू शाळेतला एखादा मुलगा दुसऱ्या गावी जातो तेव्हा त्याला शाळा सोडल्याचा दाखला द्यावा लागतो. तो हरवला तर दुय्यम प्रत. ही प्रत जनरल रजिस्टरवरून उतरवायची, वर 'दुय्यम प्रत' असे ठळक लिहायचे, खाली मुख्याध्यापकांची सही आणि गोल शिक्का. जन्मतारखेत एका आकड्याची खाडाखोड झाली असेल तर तिथे वेगळी सही. सहीविना आलेला दाखला आम्ही घेत नाही. बाप कितीही गयावया करो, आम्ही त्याला परत पाठवतो, कारण नक्कल ही नक्कल असते आणि ती अस्सलवरूनच उतरली आहे याची जबाबदारी कोणीतरी सही करून घेतलीच पाहिजे.

पहिलीच्या प्रवेशासाठी जी काळजी घेतली जाते, ती माणसाला तुरुंगात पाठवताना घेतली जाते का? आमचा प्रश्न एवढाच आहे.

तो पडण्याचे कारण आमचा एक जुना विद्यार्थी. दहावीनंतर गॅरेजमध्ये लागलेला. कोणीतरी त्याच्या व्हॉट्सअॅप स्टेटसची तक्रार केली. स्टेटस चोवीस तासांत आपोआप जाते. ठाण्यात पोचला तो तक्रारदाराच्या फोनमधला स्क्रीनशॉट, तोही कागदावर छापलेला. मुलाचा फोन घेतला, पासवर्ड विचारून घेतला. पंचनाम्यात लिहिले, 'काळ्या रंगाचा एक मोबाईल'. सील नाही, आयएमईआय क्रमांक नाही. त्याच्या अब्बांनी आम्हाला विचारले, "सर, मोबाईलमध्ये निघालं म्हणतात. मोबाईल खोटं बोलेल का?"

आम्हाला उत्तर देता आले नाही. म्हणून वाचत गेलो, आणि आश्चर्य म्हणजे उत्तर आमच्याच जिल्ह्यात सापडले.

जालन्याच्या वाचकांना २०१४ ची विधानसभा निवडणूक आठवत असेल. अर्जुन खोतकर २९६ मतांनी निवडून आले, कैलास गोरंट्याल हरले आणि कोर्टात गेले. वाद होता उमेदवारी अर्ज दुपारी तीनच्या आत आला की नंतर, याचा. निवडणूक अधिकाऱ्यांच्या कार्यालयात कॅमेरे होते, पण न्यायालयात आल्या त्या चित्रणाच्या सीडी. त्या अस्सल चित्रणावरूनच उतरल्या, असे कलम ६५ ब चे प्रमाणपत्र वारंवार मागूनही मिळाले नाही. औरंगाबाद खंडपीठाने २०१७ मध्ये निवडणूक रद्द केली. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले. १४ जुलै २०२० रोजी तीन न्यायमूर्तींनी अपील फेटाळले आणि सगळ्या देशासाठी नियम पक्का केला: मूळ यंत्रच न्यायालयात आणले तर गोष्ट वेगळी, पण नक्कल आणायची तर प्रमाणपत्र हवेच. ज्याने सगळे प्रयत्न करूनही ते अधिकाऱ्याने दिले नाही, त्याला तेवढी सूट. शिवाय तपासात कॉलनोंदी जप्त झाल्या तर त्या काळातल्या नोंदी मोबाईल कंपन्यांनी वेगळ्या व सुरक्षित ठेवाव्यात, म्हणजे आरोपीलाही बचावासाठी त्या मागवता येतील, असाही आदेश दिला.

म्हणजे आमच्या दाखल्याचाच नियम. दोन पुढाऱ्यांच्या भांडणातून तो पक्का झाला. त्याआधी २०१४ मध्ये हाच नियम सांगणारा निकाल आला, तोही केरळातल्या निवडणुकीच्या वादातून. पुढाऱ्यांना दिल्लीपर्यंत वकील नेता येतात. गॅरेजमधल्या पोराला तालुक्याच्या कोर्टात एक वकील मिळतो, आणि त्याने वेळेवर हरकत घेतली नाही तर पुढे दार बंद. २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेच म्हटले आहे की, कॉलनोंदींना प्रमाणपत्र नाही ही हरकत खटल्याच्या वेळीच घ्यायला हवी, अपिलात ती पहिल्यांदा घेता येणार नाही. कायदा सर्वांना सारखा, पण तो आठवण करून देणाऱ्याची फी सर्वांना परवडत नाही.

कोणी म्हणेल, हे तांत्रिक मुद्दे आहेत, गुन्हेगार यातूनच सुटतात. असे म्हणणाऱ्यांना आम्ही ११ जुलै २००६ च्या मुंबई रेल्वे बॉम्बस्फोटांच्या खटल्याची आठवण देतो. आरोपी वर्षानुवर्षे आपल्या मोबाईलच्या कॉलनोंदी मागत होते, आपण त्या वेळी कुठे होतो हे त्यातून दिसेल म्हणत होते, आणि सरकार पक्ष विरोध करीत होता. यंत्राची साक्ष एवढी पवित्र असेल तर ती आरोपीने मागताच का नकोशी होते? त्या खटल्यात आमच्याच पेशातले, मुंबईचे शिक्षक अब्दुल वाहिद शेख नऊ वर्षांनी, २०१५ मध्ये निर्दोष सुटले. उरलेल्या बारा जणांना उच्च न्यायालयाने २१ जुलै २०२५ रोजी निर्दोष ठरवले. त्यातला एक तोवर तुरुंगातच मरण पावला होता. सर्वोच्च न्यायालयाने तीनच दिवसांनी तो निकाल पायंडा म्हणून वापरण्यास स्थगिती दिली, पण सुटलेल्यांना परत आत पाठवले नाही. एकोणीस वर्षे. हा काय तांत्रिक मुद्दा आहे?

पण आम्हाला आपल्या लोकांशीही भांडायचे आहे. हा नियम फक्त आपली मुले सोडवण्यासाठी आहे, असे समजणारे मोहल्ल्यात पुष्कळ आहेत. २०१७ मध्ये अलवरला पहलू खानांना जमावाने मारले. मारहाणीचे चित्रण देशाने पाहिले. ऑगस्ट २०१९ मध्ये सहा आरोपी संशयाचा फायदा मिळून सुटले. ज्या मोबाईलवर चित्रण झाले तो पोलिसांनी जप्तच केला नव्हता, चित्रण प्रयोगशाळेत तपासले नव्हते. आपण न्यायालयाला दोष देत बसलो. दोष तपासाचा होता. पुरावा नीट सांभाळला नाही तर निरपराध अडकतो आणि मारेकरीही सुटतो, एकाच ढिलाईने. मुलाच्या वेळी नियम हवा आणि मारेकऱ्याच्या वेळी नको, हे चालणार नाही.

आणखी एक. आपल्या पोरांवर बालंट आले की घरातला कोणी शहाणा म्हणतो, फोन फॉरमॅट कर. मुलगा निर्दोष असेल तर तो आपल्याच बाजूची साक्ष पुसून टाकतो, वर पुरावा नष्ट केल्याचा आरोप ओढवून घेतो. आणि जुम्म्याच्या नमाजनंतर मशिदीबाहेर उभे राहून कुठली तरी तारीख-गाव नसलेली चित्रफीत पुढे ढकलणारे आपणच ना? तेव्हा प्रमाणपत्र कोणी मागत नाही.

१ जुलै २०२४ पासून जुन्या पुरावा कायद्याच्या जागी भारतीय साक्ष्य अधिनियम आला. त्याच्या कलम ६३ च्या प्रमाणपत्राचे दोन भाग आहेत, एक पुरावा देणाऱ्याचा, दुसरा तज्ज्ञाचा, आणि त्यात 'हॅश' लिहावा लागतो. हॅश म्हणजे काय? फोनमधल्या सगळ्या मजकुरावर गणित करून काढलेली आकड्या-अक्षरांची एक ओळ. मजकुरात एक स्वल्पविराम बदलला तरी ओळ बदलते. सुधारणा चांगलीच आहे. पण प्रमाणपत्र पुरावा न्यायालयात दाखल करताना द्यायचे आहे. फोन जानेवारीत घेतला आणि हॅश एप्रिलमध्ये काढला, तर ती ओळ एप्रिलमधल्या फोनची ग्वाही देईल. मधल्या तीन महिन्यांत तो कोणाच्या टेबलावर उघडा पडला होता, हे ती ओळ सांगणार नाही. नव्या फौजदारी प्रक्रियेत, नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १०५ मध्ये, झडती-जप्तीचे चित्रण सक्तीचे आहे. मग त्याच चित्रणात, पंचांसमोर फोन सीलबंद का होऊ नये? हॅश त्याच दिवशी काढून त्याची प्रत घरच्यांच्या हातात का देऊ नये? दाखला देताना आम्ही पालकाची सही रजिस्टरवर घेतो, ती उगाच नाही.

आम्ही त्या मुलाच्या वकिलांना हे सगळे एका कागदावर लिहून दिले. त्यांनी वाचले, म्हणाले, "गुरुजी, तुम्ही एलएल.बी. करायला हवं होतं." हरकतीचा अर्ज मात्र दिला. गेल्या तारखेला साहेब रजेवर होते. पुढच्या तारखेसाठी आम्ही किरकोळ रजेचा अर्ज टाकला आहे. मुलाचे अब्बा एकटे जायला घाबरतात.