आधी दुरुस्ती, मग सुधारणा

नाणे टाकून बटण दाबले, की काचेआडच्या रांगेतून हवी ती तबकडी उचलली जाते आणि गाणे सुरू होते, असे यंत्र तुम्ही पाहिले आहे का? त्याला ज्यूकबॉक्स म्हणतात. १९६० आणि १९७० च्या दशकांत मुंबईतल्या काही इराणी हॉटेलांत तो असे. तुमच्या आजोबांनी चहा पिता पिता तो ऐकलाही असेल. त्याचा जन्म मात्र अमेरिकेतला. २३ नोव्हेंबर १८८९ रोजी सान फ्रान्सिस्कोच्या एका मद्यालयात लुई ग्लास याने एडिसनच्या फोनोग्राफला नाणे टाकण्याची सोय जोडली. तेव्हा ध्वनिवर्धक नव्हता. नळ्या कानाला लावून ऐकावे लागे. पुढे व्हॉल्व्हचे ध्वनिवर्धक आले. १९४९ मध्ये मिनिटाला ४५ फेरे घेणारी सात इंची तबकडी निघाली.

माझ्या एका स्नेह्यांनी अलीकडेच १९५० च्या दशकाच्या उत्तरार्धातला असा एक अमेरिकी ज्यूकबॉक्स विकत घेतला. यंत्र चालत होते, पण गाणे जड व संथ वाटे, मागे सतत घरघर ऐकू येई आणि वरच्या स्वरांत आवाज खरखरे. "आतला जुना ध्वनिवर्धक आणि कर्णे काढून टाका, नवे बसवा. आवाज आपोआप सुधारेल," असा सल्ला त्यांना चहूकडून मिळाला. माझे मत अगदी उलट आहे. आवाज कशाने बिघडला हे ठाऊक नसताना केलेला बदल म्हणजे सुधारणा नव्हे. तो केवळ अंदाज असतो, आणि त्या अंदाजापायी सहा दशकांहून अधिक काळ टिकलेले यंत्र कायमचे मोडू शकते. कसे ते पाहा.

प्रथम संथपणा घेऊ. आम्ही तबकडीच्या कडेला कागदाचा छोटा तुकडा चिकटवला आणि घड्याळ लावून फेरे मोजले. मिनिटाला ४५ ऐवजी भरले सुमारे साडेसदतीस! ४५ ला साडेसदतीसने भागून पाहा, उत्तर १.२ येते. आता ६० ला ५० ने भागा; तेही १.२ च. अमेरिकेत विजेचा प्रवाह सेकंदाला ६० आवर्तने करतो, आपल्याकडे ५०. ज्यूकबॉक्समधल्या मोटरीचा वेग या आवर्तनांवर अवलंबून असतो. स्नेह्यांनी २३० व्होल्टचे सुमारे ११७ व्होल्ट करणारा ट्रान्सफॉर्मर लावला होता. पण ट्रान्सफॉर्मर व्होल्ट बदलतो, आवर्तने बदलत नाही. त्यामुळे प्रत्येक सूर ६/५ या प्रमाणात खाली आला होता. गाणे शिकणाऱ्यांनी हे प्रमाण ओळखलेच असेल: षड्ज आणि कोमल गंधार यांच्यातले अंतर ते हेच. एवढे खाली उतरलेले गाणे कितीही महागड्या कर्ण्यातून वाजवले, तरी ते उतरलेलेच राहणार.

उपाय स्वस्त होता. या यंत्रात मोटरीचा दांडा एका रबरी चाकाला टेकतो आणि ते चाक तबकडी फिरवते. दांड्याचा व्यास १.२ पट केला की काम झाले. एका लेथ कारागिराने पितळेची पातळ नळी करून दिली आणि आम्ही ती दांड्यावर सरकवून बसवली. उद्या कोणाला हे यंत्र ६० आवर्तनांच्या देशात न्यायचे झाले, तर नळी काढली की यंत्र पूर्वीसारखे होईल.

दुसरी तक्रार घरघरीची. व्हॉल्व्हना एकाच दिशेने वाहणारा, स्थिर प्रवाह लागतो. उलटसुलट वाहणाऱ्या प्रवाहाला एक दिशा दिली, तरी त्यात सेकंदाला १०० चढउतार उरतात. ते सपाट करण्याचे काम धारित्रे करतात. रेडिओ दुरुस्त करणारे त्यांना कंडेन्सर म्हणतात. या धारित्रांतला द्रव वर्षानुवर्षे सुकत जातो, त्यांची धारकता घटते आणि ते चढउतार कर्ण्यापर्यंत पोचतात. तीच ती घरघर. ध्वनिवर्धकाची रचना उत्तम होती. त्यातले चार-दोन भाग म्हातारे झाले होते. ते बदलल्यावर घरघर थांबली.

इथे एक कडक इशारा. व्हॉल्व्हच्या ध्वनिवर्धकात ३०० ते ४०० व्होल्ट असतात आणि प्लग काढल्यावरही धारित्रांत जीवघेणा भार शिल्लक राहू शकतो. म्हणून पेटी उघडून आत हात घालणे हे जाणकार तंत्रज्ञाचेच काम. तुम्ही बघा, मोजा, टिपून ठेवा. पण आत हात घालू नका.

तिसरी तक्रार खरखरीची. आम्ही पिकअपची सुई काढून शाळेच्या सूक्ष्मदर्शकाखाली धरली. अशा सुईचे टोक सुमारे २५ मायक्रॉन त्रिज्येचे, गोल असावे लागते. हिचे टोक दोन्ही बाजूंनी घासून सपाट झाले होते. अशी सुई खाचेतल्या बारीक वळणांत नीट बसत नाही, आणि वर तबकडीही ओरबाडते. सुई बदलली आणि खरखर गेली.

आता नव्या ध्वनिवर्धकाकडे वळू. तबकडी कापताना खालचे स्वर मुद्दाम क्षीण आणि वरचे स्वर प्रबळ करून कोरतात. नाहीतर खालच्या स्वरांच्या रुंद वळणांनी खाच शेजारच्या खाचेत घुसेल. यासाठी १९५४ मध्ये अमेरिकेतल्या ध्वनिमुद्रण उद्योगाच्या संघटनेने प्रमाण ठरवून दिले. त्यानुसार १,००० हर्ट्झच्या तुलनेत २० हर्ट्झचा स्वर सुमारे नऊपट क्षीण कोरला जातो. वाजवताना ही उणीव भरून काढणारी जोडणी ज्यूकबॉक्सच्या मूळ ध्वनिवर्धकात असते. ती नसलेला नवा ध्वनिवर्धक जोडला, तर आवाज किरटा येतो. पिकअप, ध्वनिवर्धक, कर्णा आणि लाकडी पेटी हे सारे एकमेकांसाठी बेतलेले असते. एकच दुवा बदलला की बाकीचे बेसूर होतात.

कोणी म्हणेल, "यंत्र ऐकण्यासाठी आहे, पूजेसाठी नव्हे. मालकाला नवा आवाज हवा असेल तर काय बिघडले?" आक्षेप रास्त आहे. मीही जुने ते सारे सोने मानत नाही. सुकलेली धारित्रे, तडकलेल्या तारा, नसलेली अर्थिंग यांबाबत हयगय नको. ते नवेच हवे. पण केवळ गाणे ऐकायचे तर खिशातला मोबाइल पुरतो. ज्यूकबॉक्स घ्यायचा तो त्या काळच्या तंत्रज्ञांनी आवाजाचा प्रश्न कसा सोडवला हे ऐकण्यासाठी. त्याचे आतले काम भंगारात गेले, तर हातात उरते फक्त रंगीत दिव्यांचे कपाट. म्हणून माझा आग्रह तीन गोष्टींचा आहे. आधी मोजा. एका वेळी एकच बदल करा. आणि बदल शक्यतो असा करा की तो मागे घेता येईल.

सर्व झाल्यावर स्नेह्यांचा ज्यूकबॉक्स आम्ही खोलीच्या कोपऱ्यातून थोडा बाहेर ओढला, कारण कोपऱ्यात खालचे स्वर फुगतात. हीच काय ती आमची एकमेव "सुधारणा", आणि तिला एक पैसाही लागला नाही.

शिक्षक मित्रांनो, तुमच्या प्रयोगशाळेच्या कपाटातही "बिघडलेले" म्हणून बाजूला ठेवलेले एखादे उपकरण असेलच. नव्याची मागणी लिहिण्यापूर्वी ते एकदा मुलांपुढे टेबलावर ठेवा आणि विचारा, "याला नेमके काय झाले आहे?" त्या एका तासात मुले जे शिकतील, ते नव्या उपकरणाच्या खोक्यातून येणार नाही.