चेहरा म्हणजे पुरावा नव्हे

प्राण्यांची चित्रे दिसली, की आपण वस्तू बेधडक मुलांच्या हाती देतो. संगणकावरील खेळांच्या बाबतीत हा हिशेब आता चुकू लागला आहे. स्पेनमधील पेंडुलो स्टुडिओजचा २०१९ मध्ये आलेला ‘ब्लॅकसॅड : अंडर द स्किन’ हा खेळ पाहा. नायक जॉन ब्लॅकसॅड हा खासगी गुप्तहेर, आणि तो चक्क काळा बोका! १९५० च्या दशकातले न्यूयॉर्क, मुष्टियुद्धाच्या आखाड्याच्या मालकाचा मृत्यू, बेपत्ता मुष्टियोद्धा आणि बापाचा कारभार हाती घेतलेली मुलगी. खेळणाऱ्याने धागेदोरे शोधायचे, त्यांची सांगड घालायची, कोणाशी कसे बोलायचे ते ठरवायचे. मामला सरळसरळ मोठ्यांचा आहे.

मूळ चित्रकथा हुआन दियाझ कानालेस आणि हुआनहो ग्वार्निदो या स्पॅनिश जोडीची. पहिले पुस्तक २००० मध्ये फ्रान्समध्ये निघाले. २००३ च्या दुसऱ्या पुस्तकात पांढऱ्या प्राण्यांची संघटना काळ्यांवर उठते. अमेरिकेतला वर्णद्वेष लेखकांनी असा जनावरांच्या तोंडून वदवला.

ही युक्ती आपल्याला नवी नाही. पंचतंत्रातले करटक-दमनक अरबी ‘कलीला व दिम्ना’मधून तेराव्या शतकात स्पेनमध्येच पोचले होते. पंचतंत्रात बैलाचा बळी घेऊन दमनक सहीसलामत सुटतो. अरबी भाषांतरकार इब्न अल्-मुकफ्फा याला ते रुचले नसावे. दिम्नाची चौकशी होऊन त्याला शिक्षा होते, हे प्रकरण त्याने जोडले, असे मानले जाते. म्हणजे प्राण्यांच्या जगातला खुनाचा तपास आठव्या शतकापासूनचा!

मला मात्र इथे एक धोका दिसतो. मराठीत ‘जात’ हा शब्द प्राण्यालाही लागतो आणि माणसालाही. कोल्हा लबाड, गाढव मूर्ख, हे गोष्टीत खपून जाते. पण माणसांच्या जागी प्राणी उभे केले, की जन्मावरून स्वभाव ठरतो हा जुना समज मागच्या दाराने घरात शिरतो. ब्लॅकसॅडच्या जगातही पोलीस अधिकारी जर्मन शेफर्ड कुत्राच आहे.

गुप्तहेरकथेचे बळ नेमके इथे कामाला येते. चेहऱ्यावरूनच गुन्हेगार ठरणार असेल, तर तपास हवाच कशाला?

तेव्हा पालकांनी खेळावरची वयोमर्यादा आधी पाहावी. मोठ्या मुलांशेजारी मात्र जरूर बसावे आणि विचारावे, ‘याचा संशय तुला त्याच्या करणीवरून आला, की जातीवरून?’ हा प्रश्न खेळापुरता राहणार नाही, आणि राहूही नये.