हसू नका, बोलू द्या



आमच्या शाळेत पहिलीपासून इंग्रजी आहे. माझे बाबा याच शाळेत शिकले, पण त्यांच्या वेळी इंग्रजी पाचवीपासून होते. सन २००० पासून महाराष्ट्रात ते पहिलीपासून सुरू झाले, असे गुरुजींनी सांगितले. म्हणजे आम्हांला बाबांपेक्षा चार वर्षे जास्त मिळाली. ए पासून झेडपर्यंत आम्हांला येते. शंभरपर्यंत आकडे येतात. कविता तर तोंडपाठ आहेत. पण कोणी इंग्रजीत काही विचारले की सगळा वर्ग खाली मान घालून वहीत बघतो. असे का होते? इंग्रजी लई अवघड आहे म्हणून नाही. चुकलो तर सगळे हसतील, या भीतीने होते. हे माझे मत आहे आणि ते का झाले ते मी लिहिणार आहे.

दिवाळीच्या सुट्टीनंतर एके दिवशी केंद्रप्रमुख साहेब शाळा बघायला आले. त्यांनी आमच्या वर्गातील एका मुलीला तिच्या वडिलांविषयी एक वाक्य इंग्रजीत बोलायला सांगितले. ती उभी राहिली आणि मोठ्याने म्हणाली, "माय फादर आर अ फार्मर." तेवढ्यात कोणीतरी हसले. मग सगळा वर्ग हसला. ती मटकन खाली बसली.

तो पहिला हसणारा मीच होतो.

त्या दिवसापासून संक्रांतीपर्यंत ती इंग्रजीच्या तासाला एक शब्द बोलली नाही. तिला तिसापर्यंत पाढे येतात, मला पंचविसापर्यंतच. पण ती गणिताच्या तासालाही हात वर करेना. (हे मी तिला विचारून लिहीत आहे. ती म्हणाली, "लिही, पण माझं नाव नको.")

साहेब गेल्यावर गुरुजी रागावले नाहीत. त्यांनी फळ्यावर लिहिले, 'माझे वडील शेतकरी आहेत.' मग विचारले, "वडील किती?" आम्ही म्हणालो, "एक." "मग 'आहे' का नाही लिहिले?" आम्ही म्हणालो, "वडिलांना 'आहे' कसं म्हणायचं गुरुजी? ते मोठे आहेत." गुरुजी म्हणाले, "तिनं तेच केलं. वडिलांना मान दिला. पण इंग्रजीत एका माणसाला 'इज' म्हणतात, मग ते वडील असोत नाहीतर राष्ट्रपती असोत." इंग्रजीत तू आणि तुम्ही यांनाही एकच शब्द आहे, 'यू'. गुरुजींनाही यू आणि आमच्या मोत्यालाही यू! मला हे आधी माहीत नव्हते. ती चुकली म्हणून सगळ्या वर्गाला कळले. म्हणजे तिची चूक आमच्या उपयोगी पडली आणि आम्ही तिलाच हसलो.

आता माझी गोष्ट ऐका. मी मनातल्या मनात वाचणारा मुलगा. चाकूला इंग्रजीत जो शब्द आहे, त्याचे स्पेलिंग के पासून सुरू होते. मी तो वर्षभर 'कनाइफ' असा वाचत होतो. परीक्षेत स्पेलिंग बरोबर लिहिले, मार्कही मिळाले. एकदा मोठ्याने वाचायची पाळी आली, तेव्हा गुरुजींनी सांगितले की तो के मुका आहे, 'नाइफ' म्हणायचे. तोंड उघडले म्हणून चूक सापडली. नाहीतर मी कॉलेजात जाऊन सुद्धा कनाइफच म्हणालो असतो.

काही जण म्हणतात, चुकीचे बोलण्यापेक्षा गप्प बसावे, नाहीतर चुकीचीच सवय लागते. मला हे पटत नाही. माझे काका सायकलचे पंक्चर काढतात. ट्यूबला भोक कुठे आहे ते नुसते बघून कळत नाही. ते ट्यूब फुगवून पाण्याच्या घमेल्यात धरतात. जिथे बुडबुडे येतात तिथे भोक. बोलणे म्हणजे ट्यूब पाण्यात धरणे आहे. बोललोच नाही तर भोक कुठे आहे ते ना आपल्याला कळेल, ना गुरुजींना. पण बुडबुडे बघून काका हसत बसत नाहीत, लगेच ठिगळ लावतात. तसेच चूक सापडली की ती दुरुस्त पण केली पाहिजे. "चालतंय की" म्हणून सोडून द्यायची नाही.

माझी आजी शाळेत गेली नाही. मी एक दिवस ती बोलते ते इंग्रजी शब्द वहीत लिहून काढले. मोटर, स्टार्टर, फ्यूज, लाईट, बिल, टँकर, ट्रॉली, स्टँड, डॉक्टर, इंजेक्शन, सलाईन, बँक, पासबुक, रेशन कार्ड. संध्याकाळपर्यंत एकतीस शब्द झाले! मी म्हणालो, "आजी, तुला इंग्रजी येतं." ती म्हणाली, "जा तिकडं, मला रं कुठलं इंग्रजी येतंय!" आजीला कोणी हसत नाही, म्हणून ती शब्द बिनधास्त वापरते. मग आपणच का घाबरायचे? पण नुसत्या शब्दांनी वाक्य होत नाही. मराठीत 'मी आंबा खातो' असे क्रियापद शेवटी येते. इंग्रजीत ते मध्येच येते, 'आय ईट अ मँगो'. तसेच शब्द ठेवले तर 'आय मँगो ईट' होईल. ही घडी बसायला रोज तोंडाने बोलले पाहिजे.

आता आमच्या वर्गात नवीन नियम आहे. रोज परिपाठानंतर एकाने पाच वाक्ये इंग्रजीत बोलायची. तो बोलत असताना कोणी मध्ये बोलायचे नाही आणि हसायचे नाही. पाचही वाक्ये झाल्यावर गुरुजी एकच चूक फळ्यावर दुरुस्त करून लिहितात, कोणाची ते लिहीत नाहीत. सगळ्यांनी ते बरोबर वाक्य तीनदा म्हणायचे आणि वहीत उतरवायचे. एका दिवशी एकच चूक, म्हणून लक्षात राहते. घरी मी धडा मोठ्याने वाचतो. एखादा शब्द अडला तर बाबांच्या मोबाईलवर तो कसा म्हणतात ते ऐकतो.

डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांचे नाव ७ नोव्हेंबर १९०० रोजी साताऱ्याच्या शाळेत घातले होते. तो दिवस आपण विद्यार्थी दिन म्हणून पाळतो. पुढे १९१३ मध्ये ते अमेरिकेला शिकायला गेले आणि त्यांनी इंग्रजीत मोठमोठे ग्रंथ लिहिले. त्यांनीही कधीतरी इंग्रजीचे पहिले वाक्य बोललेच असेल ना?

पालकांना माझी एक विनंती आहे. घरी पाहुणे आले की तुम्ही म्हणता, "इंग्रजीत काहीतरी बोलून दाखव बघू." आम्ही चुकलो की पाहुणे हसतात आणि तुम्ही पण हसता. मग आम्ही घरातही गप्प होतो आणि तुम्ही म्हणता, "याला काहीच येत नाही." तसे करू नका. आमचे ऐकून घ्या. तुम्हांला इंग्रजी येत नसले तरी चालेल, ऐकायला तर येते!

संक्रांतीला मी त्या मुलीला तिळगूळ दिला आणि "सॉरी" म्हणालो. ती म्हणाली, "मराठीत म्हण." मग मी "चुकलो" म्हणालो. दुसऱ्या आठवड्यात तिने परिपाठानंतर पाच वाक्ये बोलून दाखवली. तिसरे वाक्य होते, "माय फादर इज अ फार्मर." कोणी हसले नाही. चौथ्या वाक्यात ती चुकली, ते गुरुजींनी फळ्यावर लिहिले आणि आम्ही सर्वांनी तीनदा म्हटले.

उद्या माझी पाळी आहे. मी चुकणार आहे. तुम्ही हसू नका, दुरुस्त करा.

— इयत्ता ४ थी