हवामान बदलाचा धडा परभणीत लिहिला जावा

आपल्याकडे विद्यापीठाला निधी मिळाला की आधी इमारत उभी राहते, मग यंत्रं येतात, मग उद्घाटनाचा फोटो छापून येतो. शिकवणाऱ्याला काय मिळालं, हे सहसा कुणी विचारत नाही. माझं म्हणणं साधं आहे. हवामान बदलावर परभणीत खर्च करायचा असेल, तर त्यातले थोडे पैसे प्राध्यापकांना अभ्यासक्रम तयार करण्यासाठी द्या. तो अभ्यासक्रम इथल्या पावसावर, इथल्या काळ्या मातीवर आणि इथल्या माणसांच्या भाषेत असू द्या.

परभणीला हवामान बदल समजावून सांगण्यासाठी ध्रुवावरच्या अस्वलाचं चित्र लागत नाही. उन्हाळ्यात इथला पारा 45 अंशांकडे जातो आणि थंडीत कधी कधी पाचच्या खाली उतरतो. 2016 मध्ये शेजारच्या लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं. सप्टेंबर 2024 च्या सुरुवातीला आणि पुन्हा सप्टेंबर 2025 मध्ये याच मराठवाड्यात शेतं पाण्याखाली गेली. वर्षभराच्या पावसाची बेरीज सरासरीइतकी भरते, कागदावर सगळं ठीक दिसतं आणि शेतकरी मात्र बुडालेला असतो. कारण सोयाबीनला बेरीज कळत नाही. ऑगस्टमध्ये फुलं-शेंगा धरायच्या वेळी पंधरा-वीस दिवसांचा खंड पडला आणि काढणीच्या वेळी धो धो कोसळला, तर पीक दोनदा मार खातं. आधी दाणा भरत नाही, आणि जो भरतो त्याला शेंगेतच कोंब फुटतात. ही गोष्ट परभणीचा प्रत्येक शेतकरी जाणतो. प्रश्न आहे तो पदवी घेणाऱ्या त्याच्या मुलीला ती वर्गात शिकायला मिळते का, हा.

पदवीच्या प्रत्येक विद्यार्थ्याला पर्यावरणाचा विषय आहे, हे खरं. एम. सी. मेहता यांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने 1991 मध्ये पर्यावरण शिक्षणाचा आदेश दिला. पुढे विद्यापीठ अनुदान आयोगाने सहा महिन्यांचा अभ्यासक्रम बनवला आणि पुण्याच्या डॉ. एराक भरुचा यांनी त्याचं पाठ्यपुस्तक लिहिलं. काम मोलाचंच होतं. पण साऱ्या देशासाठी एक पुस्तक म्हटल्यावर त्यात येलदरी धरण किती आणि जिंतूरचा माळ किती येणार? ती जोड स्थानिक शिक्षकाने द्यायची होती. त्यासाठी त्याला वेळही दिला गेला नाही आणि पैसाही नाही. मग बऱ्याच ठिकाणी हा विषय एका प्रकल्प वहीपुरता उरला.

पैसा नव्हताच असंही नाही. जागतिक बँकेच्या मदतीने भारतीय कृषी संशोधन परिषदेने राष्ट्रीय कृषी उच्च शिक्षण प्रकल्प राबवला. तो सुमारे 1100 कोटी रुपयांचा होता. त्यातून राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाला हवामान अद्ययावत शेती आणि पाणी व्यवस्थापनाचं केंद्र मिळालं. आपल्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठाच्या वाट्याला आलं डिजिटल शेतीचं केंद्र, म्हणजे यंत्रमानव, ड्रोन आणि स्वयंचलित वाहनं. ड्रोनला माझा विरोध नाही. फवारणीत मजुराच्या अंगावर विष उडण्यापेक्षा ड्रोन बरा. पण दुष्काळ आणि अतिवृष्टी यांच्या मधोमध सापडलेल्या मराठवाड्यात हवामानाच्या शिक्षणालाही तेवढंच बळ मिळायला हवं होतं.

खरं तर परभणीकडे साहित्याची वाण नाही. निजाम सरकारने 1918 मध्ये इथे प्रायोगिक शेती सुरू केली. कृषी महाविद्यालय 1956 चं आणि विद्यापीठ 18 मे 1972 चं. विद्यापीठाची ग्रामीण कृषी मौसम सेवा दर मंगळवारी आणि शुक्रवारी हवामानाचा सल्ला देते. ‘परभणी शक्ती’ ही लोह आणि जस्त जास्त असलेली ज्वारी इथलीच. रुंद वरंबा सरीवर सोयाबीन पेरलं तर जास्तीचं पाणी सरीतून निघून जातं आणि खंडात ओल टिकते, हेही इथे शिकवलं जातं. पण हे ज्ञान कृषीच्या विद्यार्थ्यांपाशी आणि शेतकरी मेळाव्यांपाशी थांबतं. स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठाच्या कक्षेतल्या कला आणि वाणिज्य महाविद्यालयांत बसलेल्या मुलामुलींपर्यंत ते जात नाही. उद्याचे शिक्षक, तलाठी, ग्रामसेवक, पत्रकार आणि विमा कंपनीचे कर्मचारी तर तिथूनच निघतात.

शिकवणाऱ्याला पैसे देऊन अभ्यासक्रम घडवणं आपल्या भागाला नवं नाही. 1917 मध्ये हैदराबादेत उस्मानिया विद्यापीठाची तयारी सुरू झाली तेव्हा सरकारने ‘दारुल तर्जुमा’ स्थापन केलं. मौलवी अब्दुल हक यांच्यासारखे विद्वान पगारावर बसले आणि विज्ञान, इतिहास, कायदा यांची पुस्तकं उर्दूत आणली. मोठं काम होतं ते. पण त्याची मर्यादाही आपण मोकळेपणाने सांगितली पाहिजे. त्याच राज्यातल्या परभणीत बहुसंख्य लोक मराठी बोलत होते आणि ज्ञान त्यांच्या भाषेत आलं नाही. आज उर्दूच्या जागी इंग्रजी आहे, एवढाच फरक. हवामान बदलाचा नवा अभ्यासक्रम मराठीत व्हावा आणि उर्दू माध्यमातून आलेल्या मुलांसाठी त्याची उर्दू आवृत्तीही निघावी, ही माझी मागणी त्यातूनच येते.

मुस्लिम वाचकांपैकी काहींना वाटेल, आमचा यात काय संबंध? घरं, नोकऱ्या, सुरक्षितता असे प्रश्न आधीच कमी आहेत का? संबंध आहे, आणि तो अंगाला चटके देणारा आहे. शहरातली आपली बरीच माणसं हमाली, बांधकाम, वेल्डिंग, हातगाडी, गॅरेज अशा कामांवर आहेत. घर पत्र्याचं आणि काम उन्हातलं. हवामान बदलाचा पहिला तडाखा मालकाला बसत नाही, रोजंदारीवाल्याला बसतो. हिजरी वर्ष दहा-अकरा दिवसांनी लहान असल्यामुळे रमजान सगळ्या ऋतूंतून फिरतो. 2018 मध्ये तो मेच्या मध्यावर सुरू झाला होता. 2050 च्या आसपास तो पुन्हा मे महिन्यात येईल. आज महाविद्यालयात शिरणारा मुलगा तेव्हा चाळिशीत असेल आणि त्याच्या रोज्यावरचं ऊन आजच्यापेक्षा कडक असेल. उष्माघात कसा होतो, कामाच्या वेळा कशा बदलाव्यात, पत्र्याखालचं घर कसं थंड ठेवावं, हे त्याला कोण शिकवणार?

एक आक्षेप रास्त आहे. महाविद्यालयांत जागा रिकाम्या, निम्मं काम तासिका तत्त्वावर, तिथे नव्या अभ्यासक्रमाची चैन कशाला? मी म्हणतो, याच कारणासाठी पैसे थेट शिकवणाऱ्याला द्या. तासाच्या हिशोबाने पैसे मिळणारा प्राध्यापक वर्गाबाहेरचं काम फुकट करील, ही अपेक्षाच अन्यायाची आहे. रिकाम्या जागा भरण्याची मागणी सोडायची नाही. पण त्या भरेपर्यंत हात बांधून बसायचंही कारण नाही.

हिशोब करून पाहा. जिल्ह्यातले दहा प्राध्यापक निवडा, त्यांत तासिकेवाले असलेच पाहिजेत. प्रत्येकाला एक सत्र मोकळं आणि तीन लाख रुपये द्या. एकूण 30 लाख होतात. 1100 कोटींच्या शेजारी हा आकडा दिसतही नाही. त्या बदल्यात भूगोलाच्या शिक्षकाने जिल्ह्याच्या पावसाच्या नोंदी वाचायला शिकवणारा भाग लिहावा. अर्थशास्त्राच्या शिक्षकाने पीक विम्याचा आणि सावकारी कर्जाचा, इतिहासाच्या शिक्षकाने 1972 च्या दुष्काळाचा आणि रोजगार हमीचा, तर समाजशास्त्राच्या शिक्षकाने उन्हात राबणाऱ्यांचा. कृषी विद्यापीठाने नोंदी आणि तज्ज्ञ पुरवावेत. तयार झालेलं सगळं साहित्य कुणालाही मोफत मिळावं.

सरकार देईल तेव्हा देईल. आपल्या शिक्षण संस्थांनीही एक-दोन शिक्षकांचा खर्च उचलावा. बगदादच्या निजामिया मदरशात अकराव्या शतकात शिक्षकांचा खर्च वक्फच्या उत्पन्नातून चालायचा. दान म्हणजे केवळ इमारतीवरची नावाची पाटी नव्हे, हे आपल्या परंपरेला फार आधी कळलं होतं. मागे उरणाऱ्या इल्मला आपण सदका-ए-जारिया मानतो. विहीर खोदणं पुण्याचं आहेच. पण विहीर का आटते, हे शिकवणाऱ्याचं पोट भरणंही त्याच खात्यात जमा व्हायला हवं.