दुसरी लिहून झाली का?

मी अप्पा बळवंत चौकाजवळ डीटीपी करते. स्वखर्चानं रहस्यकथा छापायला निघालेला लेखक माझ्याकडे येतो तेव्हा त्याच्या पिशवीत पेनड्राइव्ह असतो आणि डोक्यात प्रकाशन समारंभ. पाहुणा कोण बोलवावा, हजार प्रती पुरतील ना, हेच आधी. मी विचारते, "दुसरी लिहून झाली का?" तो म्हणतो, पहिली तरी खपू दे.

इथेच आमचं वाजतं. रहस्यकथा, भयकथा एकटीदुकटी खपत नाही. बाबूराव अर्नाळकरांनी हजाराच्या वर पुस्तकं लिहिली. वाचक झुंजार मागायचा, काळा पहाड मागायचा. नारायण धारपांचे समर्थ, सुहास शिरवळकरांचा मंदार पटवर्धन, सगळ्यांचं तेच. नायक आवडला की वाचकाला पुढचं पुस्तक लगेच हवं असतं, वर्षभरानं नव्हे. शिवाय दुसरी लिहिताना कळतं की ज्या हवालदाराला आपण पहिलीत उगाच मारला, तोच आता हवा होता. पहिली छापलेली नसेल तर त्याला जिवंत करता येतं.

हजार प्रतींचा मोहही सोडावा. ऑफसेटला प्रती वाढल्या की एका प्रतीचा खर्च उतरतो, हे खरं. पण वितरक आणि विक्रेता मिळून छापील किमतीचा मोठा वाटा नेतात, आणि न खपलेले गठ्ठे दिवाणाखाली जातात. डिजिटल छपाईवर पन्नास प्रती काढा. प्रत महाग पडेल, पडू दे. आयएसबीएन तर राजा राममोहन रॉय एजन्सी फुकट देते. कुणी 'पॅकेज'मध्ये त्याचेही पैसे लावत असेल तर सरळ उठून यावं.

मजकूर मात्र पहिल्यापासून युनिकोडमध्ये टाइप करा. जुन्या फॉन्टातली फाइल कागदावर देखणी दिसते, पण तिचं ई-बुक करायला गेलं की जोडाक्षरं फुटतात, रफार भलत्याच अक्षरावर जाऊन बसतात, आणि सगळी कादंबरी पुन्हा तपासायची पाळी येते. (माझा धंदा त्यावरच चालतो, तरी सांगते.) किंडलवर भारतातल्या विक्रीचे सत्तर टक्के हवे असतील तर ते ई-बुक दुसरीकडे कुठेही ठेवता येत नाही, नाहीतर पस्तीस टक्के. प्रतिलिपीवर क्रमशः टाकत असाल तर आधी ठरवा, कुठे राहायचं. छापील प्रतीला ही अट नाही.

समारंभाचे वाचलेले पैसे संपादकाला द्या. शुद्धलेखन ही त्यातली सोपी गोष्ट. रहस्यकथेचा वाचक चोरासारखा फटी शोधत वाचतो. मागे एका हस्तलिखितात २०२४च्या दिवाळीत खून होतो आणि इन्स्पेक्टर डरकाळी फोडतो, "तीनशे दोन लावीन!" आता १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू आहे. खुनाचं कलम १०३ झालं, आणि ३०२ हे धार्मिक भावना दुखावणारं बोलण्याबद्दल आहे. लेखकाला फोन केला. तो कळवळला, "एकशे तीनला दरारा नाही हो."

म्हटलं, कथा २०२३मध्ये न्या. पण त्याचा खुनी अटल सेतूवरून गाडी हाणत पळतो, आणि पूल खुला झाला जानेवारी २०२४मध्ये. मधले साडेपाच महिने तेवढे हाताशी होते. शेवटी खून मे महिन्यात करायचं ठरलं. त्यानं आठवडाभर बसून पणत्या, आकाशकंदील, फराळ सगळं काढलं, आणि चिवड्यात कालवलेलं विष आमरसात घातलं.