कमरेला पिस्तूल, परवान्याला फाटा

कपड्याआड पिस्तूल घेऊन रस्त्यावर उतरायला परवाना कशाला, असं म्हणत अमेरिकेतल्या 29 राज्यांनी ती अटच ठेवलेली नाही. व्हर्माँटने परवाना कधी मागितलाच नव्हता. 2003 मध्ये अलास्का, 2021 मध्ये टेक्सास आणि 2024 मध्ये लुइझियाना त्याच वाटेने गेलं.

परवानाविरोधकांचा लाडका मुद्दा असा: गुन्हेगार थोडाच परवान्याच्या रांगेत उभा राहतो? जाच होतो तो सज्जनांना. ऐकायला बिनतोड! पण टेक्सासच्या परवान्याचीच परीक्षा पाहा. तीन, सात आणि पंधरा यार्डांवरून एकूण 50 गोळ्या झाडायच्या, 250 पैकी 175 गुण मिळवायचे. शिवाय चार ते सहा तासांचा वर्ग: बळ कधी वापरता येतं, वाद हातघाईवर न येता कसा मिटवावा, पिस्तूल मुलांच्या हाती लागू नये म्हणून कुठे ठेवावं. हे सगळं सज्जनांसाठीच आहे. नेम चुकला तर मारणाऱ्याचं चारित्र्य कितीही स्वच्छ असून काय उपयोग?

मग ग्रीनवूडचा दाखला येतो. 17 जुलै 2022 रोजी इंडियानातल्या या गावी मॉलमध्ये गोळीबार करणाऱ्याला 22 वर्षांच्या एका तरुणाने टिपलं; परवान्याची अट जेमतेम पंधरवड्यापूर्वी उठली होती. त्याचं श्रेय नाकारणं कोतेपणाचं ठरेल. पण वर्षभर आधी कोलोरॅडोत अर्वाडा इथे अशाच एका धाडसी नागरिकाला पोलिसाने हल्लेखोर समजून ठार केलं. एकेका प्रसंगावर कायदे बेतायचे नसतात.

हक्काला परवानगी कसली, हा तिसरा आक्षेप. 2022 च्या ‘ब्रुएन’ निकालात सर्वोच्च न्यायालयाने न्यूयॉर्कची ‘खास कारण दाखवा’ ही अट मोडली, ते योग्यच झालं. साहेबाच्या मर्जीवर परवाना म्हणजे लाचेला आमंत्रण. 2017 मध्ये तिथल्या परवाना विभागाच्या माजी अधिकाऱ्यांवर त्यापायी खटलेही झाले. मात्र पात्र अर्जदाराला परवाना द्यावाच लागतो, अशा राज्यांतली पार्श्वभूमीची तपासणी आणि प्रशिक्षण या निकालाने रद्द केलेलं नाही.

हवी ती हीच पद्धत: निकष लेखी, मर्जी शून्य, परीक्षा सर्वांना. राहिला खर्चाचा प्रश्न. टेक्सासने 2017 मध्येच शुल्क 140 डॉलरवरून 40 वर आणलं होतं. तरीही चार वर्षांनी सक्ती गेली. परवाना मात्र तिथे आजही मिळतो, कारण कित्येक राज्यांत त्याशिवाय टेक्सासच्या माणसाला पिस्तूल बाळगता येत नाही.