'पहेली'ला कुठल्या मापाने मोजलं?

शाहरुख खानच्या न चाललेल्या सिनेमांची यादी कुणीही काढो, तीत 'स्वदेस'च्या शेजारी 'पहेली' हमखास असतो. पडला म्हणजे त्यात दम नव्हता, असं धरून लोक मोकळे होतात. हे मला पटत नाही. अमोल पालेकरांचा हा सिनेमा २४ जून २००५ रोजी लागला. पटकथा संध्या गोखले यांची, मूळ कथा विजयदान देथा यांची 'दुविधा'. देशात गल्ला बेताचाच जमला. भारतातर्फे तो ऑस्करला गेला, पण नामांकन मिळालं नाही. श्रेया घोषालला त्यातल्या गाण्यासाठी राष्ट्रीय पुरस्कार मिळाला.

आधीच्या दिवाळीतच 'वीर-झारा' येऊन गेला होता. प्रेमासाठी जन्म पणाला लावणारा शाहरुख लोकांच्या डोळ्यांत ताजा होता. इथे मात्र तो लग्नाच्या रात्री वहीत हिशेब लिहीत बसतो आणि मुहूर्त गाठायचा म्हणून पाच वर्षांसाठी व्यापाराला निघून जातो. नवरीवर भुललेलं एक भूत मग त्याचं रूप घेऊन घरात येतं. दोन्ही भूमिका शाहरुखच्याच, पण गोष्ट लच्छीची, म्हणजे राणी मुखर्जीची आहे. नायकाच्या नावावर तिकिटं खपवायची आणि पडद्यावर बाईच्या मनाची घालमेल दाखवायची, यात पहिल्या तीन दिवसांचा प्रेक्षक बुचकळ्यात पडला तर त्याला दोष देता येत नाही. पण त्या तीन दिवसांच्या गल्ल्यावरून सिनेमाची किंमतही ठरत नाही.

जाणकारांचा आक्षेप वेगळा होता आणि तो जास्त गंभीर आहे. याच कथेवर मणि कौल यांनी १९७३ साली 'दुविधा' केला, दिग्दर्शनाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळवला. तिथे धनगर भुताला पखालीत कोंडतो आणि बाई नको असलेल्या नवऱ्याच्या पदरी पडते. पालेकरांनी शेवट गोड केला, राजस्थान पर्यटनाच्या चित्रांसारखं नटवलं, असं म्हटलं गेलं. नटवण्याचा आरोप मला मान्य आहे. कित्येक ठिकाणी घागरे आणि हवेल्याच माणसांपेक्षा जास्त बोलतात. शेवटाबद्दल मात्र नाही. देथांनीही लोककथा जशीच्या तशी ठेवली नव्हती, मग पालेकरांनाच बंदी का? शिवाय 'अनाहत' या आपल्या सिनेमापासून ते हाच प्रश्न विचारत आले आहेत: बाईला काय हवं, हे ठरवणार कोण? भूत शेवटी नवऱ्याच्या, म्हणजे किसनलालच्या देहात शिरतं, तेव्हा खऱ्या किसनलालचं काय होतं याला सिनेमाकडे उत्तर नाही. एवढी उणीव खरी.

तरीही माझ्या लेखी सगळा सिनेमा एका प्रसंगावर उभा आहे. सासऱ्याला मोहरा देऊन वश करणारं भूत लच्छीसमोर आल्यावर खोटं बोलत नाही. मी तुझा नवरा नाही, असं सांगतं आणि निर्णय तिच्यावर सोडतं. बोहल्यावर चढवताना तिला कुणी विचारलं नव्हतं, नवऱ्याने जाताना विचारलं नव्हतं. आपल्या चिखलीच्या वाचकाला हा प्रसंग इतरांपेक्षा जवळचा वाटायला हवा, कारण सैलानी बाबांचा दर्गा इथून लांब नाही. होळीला तिथे नारळांची होळी पेटते आणि बाहेरचं लागलं म्हणून आणलेली माणसं येतात, त्यांत बाया कितीतरी. केस मोकळे सोडून घुमणाऱ्या बाईच्या अंगातल्या भुताला नाव-गाव विचारतात, काय हवं ते विचारतात. बाईला कुणी विचारत नाही. तिला झोप लागते का, सासरी जाच आहे का, डॉक्टरकडे नेलं होतं का, हे प्रश्न मागेच राहतात.

असा गोड भुताचा सिनेमा अंधश्रद्धेला खतपाणी घालतो, असं कुणी म्हणेल. मला तसं वाटत नाही. गोष्ट सांगायला कठपुतळ्या बसवल्या आहेत, म्हणजे ही रचलेली कथा आहे हे सिनेमा सुरुवातीलाच सांगून टाकतो. २०१३ चा जादूटोणाविरोधी कायदा भूत उतरवतो म्हणून मारहाण करणाऱ्याला धरतो, कथा सांगणाऱ्याला नव्हे. 'पहेली' बघून कुणी मांत्रिकाकडे जाणार नाही. घरातल्या सुनेला तिचं म्हणणं विचारावं, एवढं मात्र एखाद्याला सुचू शकतं, आणि त्याची नोंद तिकिटबारीच्या आकड्यांत होत नाही.